ढगाबाहेरचा जिना

ठकीचं डोकं दोन गजांमधून बाहेर गेलं आणि परत आत आलं. झालं ते एवढंच. लस टोचून आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्याचा जिना उतरत होतो. तिची फाइल पिशवीत कोंबायला मी क्षणभर हात सोडला, तेवढ्यात ती मटकन खाली बसली आणि कठड्यातून डोकं घालून खाली बाकावर बसलेल्या लोकांना टाटा करायला लागली. मी ओरडायच्या आत डोकं परत आत. कान दुमडले नाहीत, केस अडकले नाहीत, रडणं नाही. मागून उतरणारे एक आजोबा म्हणाले, "भारी धीट आहे हो तुमची," आणि मी हसलेसुद्धा. हसता हसता माझा हात मात्र त्या दोन गजांच्या मध्ये गेला. आम्हा इमारतींचे नकाशे काढणाऱ्यांना ही खोड असते. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी दाराची रुंदी वितीने मोजून येतो. अंगठा चिकटवून धरलेला माझा पंजा म्हणजे साधारण शंभर मिलिमीटर. इथे पंजा गेला, शेजारी आणखी दोन बोटं गेली, तरी फट उरली. दीडशे. मनात आलं, अडकलं असतं तर बरं झालं असतं. मग असं मनात आलं याचीच भीती वाटली. पण ते खरं होतं. अडकलेलं डोकं साबण लावून काढता येतं, अगदीच नाही तर गज कापणारा बोलावता येतो. जिथून डोकं सहज जातं तिथून उरलेलं अंग बिनबोभाट जातं. एवढ्या लहान मुलांत डोक्याइतकं आडमुठं दुसरं काहीच नसतं.

बसमध्ये ती माझ्या मांडीवर झोपली. टोचलेल्या मांडीवर कापसाचा बोळा, तोंड उघडं, कपाळावर गजाच्या रंगाची एक करडी रेघ. ती रेघ मी रुमालाने पुसत होते आणि दीडशे हा आकडा डोक्यात घुटमळत होता, ओळखीच्या माणसाचं नाव आठवू नये तसा. हा मी नुकताच कुठेतरी पाहिलाय. कुठे? खिडकीबाहेर दुकानांच्या पाट्या, पाट्यांवरचे फोन नंबर, त्या नंबरांतही मला तोच दिसत होता. ठकी झाल्यापासून माझं हे असं झालंय. आधी मी रस्त्याने जाताना इमारती पाहायचे. आता इमारतींवरून काय काय पडू शकेल ते पाहते. खिडकीतली कुंडी, सैल झालेली पाटी, गच्चीच्या कठड्यावर उभा राहून फोनवर बोलणारा माणूस. घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना मी स्पंज चिकटवलाय, कपाटांना कड्या लावल्यात, सॉकेटांना प्लास्टिकची बुचं. नवरा विम्याच्या कंपनीत आहे. तो म्हणतो, "तुझ्यासारखी गिऱ्हाइकं असती तर आम्ही कधीच श्रीमंत झालो असतो." मी त्यावर चिडत नाही. मला पक्कं ठाऊक असतं की दहापैकी नऊ भीती खोट्या आहेत. अडचण एवढीच की दहावी कोणती ते चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. सगळ्या सारख्याच दिसतात, सारख्याच आवाजात हाका मारतात.

घरात शिरल्या शिरल्या मी जिन्याचं सांगायला नको होतं, पण सांगितलं. सासूबाई ठकीचे बूट काढत होत्या. "मग? झालं काय तिच्या डोक्याला?" त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरून खरबूज पाहावं तसं फिरवून पाहिलं. "शाबूत आहे. तुझ्या डोक्याचं बघ."

"आई, डोकं अख्खं आरपार गेलं. म्हणजे ती पूर्ण—"

"अगं, माझी तीन पोरं बिनास्पंजाची वाढली. हा तुझा नवरा तर पत्र्यावर चढून बसायचा."

"आणि पडलो नाही असं कुठाय," नवरा आतून म्हणाला. "हनुवटीला टाके आहेत की."

"ते तू सायकलवरून पडलास."

"सायकल पत्र्यावर होती."

दोघं हसायला लागली, ठकीही हसली, आणि मलाही हसू आलं. आमच्या घरात भीतीचं असंच होतं. ती टेबलावर ठेवली की कुणीतरी तिची टोपी उडवतं. मी नवऱ्याला हळूच विचारलं, तुमच्याकडे आकडे असतील ना, कठड्यातून पडलेल्या मुलांचे. तो म्हणाला, "'उंचावरून पडणे' असा एकच रकाना असतो. लहान मुलं, रंगारी, दारुडे, सगळे त्यातच." त्याच्या दृष्टीने ते उत्तर होतं. मी पोळपाट पुसत राहिले आणि तेव्हा आठवलं. दीडशे हा आकडा आमच्या ऑफिसात चाललेल्या एका इमारतीच्या जिन्याच्या शीटवर, म्हणजे नकाशावर होता. त्या जिन्याच्या तिसऱ्या मजल्याला लागून मी स्वतः एक पाळणाघर कागदावर काढलं होतं.

ते पाळणाघर नंतर आलं. इमारत पाच मजली, सगळी कचेऱ्यांची. ड्रॉइंग मंजूर होऊन पाया भरून झाला तेव्हा मालक कंपनीला सुचलं की आपल्याकडच्या बायका मुलं झाल्यावर नोकरी सोडतात, तर तिसऱ्या मजल्यावर मुलं ठेवायची सोय करू. सरांनी ते काम मला दिलं. "तुझ्या घरी नमुना आहेच," म्हणाले. खरंच होता. संगणकात आमच्याकडे माणसांच्या तयार आकृत्या असतात, ड्रॉइंगमध्ये इकडेतिकडे उभ्या करायला: बॅग घेतलेला पुरुष, छत्रीवाली बाई, काठीवाला म्हातारा. लहान मूल एकच आहे आणि तेही कुणाच्या तरी हाताला धरूनच येतं. सुटं मिळत नाही. म्हणून मी ठकीला वर्तमानपत्रावर झोपवून पेन्सिलने गिरवून घेतलं होतं. ती खिदळत होती, त्यामुळे एक पाय वाकडा आला. त्या वाकड्या पायाच्या आकृतीवरून मी हात धुवायच्या बेसिनची उंची ठरवली, दाराच्या कडीची, खिडकीच्या ओट्याची. दाराशी बुटकं फाटक दिलं. भिंतींचे कोपरे गोल केले. इतकं मन लावून मी कधी काही काढलं नव्हतं. कॉलेजात सगळ्यांना स्टेडियम काढायची असायची, संग्रहालयं काढायची असायची, मलाही. आणि समाधान मिळालं ते गुडघ्याएवढ्या बेसिनांच्या ओळीत.

मंजूर शीटमध्ये बदल केला की बदललेल्या भागाभोवती आम्ही लाटालाटांची एक बंद रेघ काढतो, लहान मुलं काढतात तसा ढग. शेजारी त्रिकोण, त्रिकोणात बदलाचा क्रमांक. मग ते शीट ज्याच्या त्याच्या टेबलावर जातं. स्ट्रक्चरवाले, वीजवाले, नळवाले, साइटवाले. प्रत्येक जण आधी ढग शोधतो, ढगात पाहतो, सही करतो. बाहेरचं आधीच पाहून झालेलं असतं. यात कुणाचा आळस नाही. एका इमारतीला शंभरावर शीटं लागतात; दर बदलाला सगळी पहिल्यापासून पाहायची म्हटलं तर इमारत उभी राहण्याआधी माणसं निवृत्त होतील. माझा ढग पाळणाघराच्या चार भिंतींना धरून गेला होता आणि बुटक्या फाटकापाशी येऊन बंद झाला होता. फाटकाबाहेर जिना. जिना बदललेला नव्हता. त्याचं शीट निराळंच होतं, त्यावर लिहिलेलं होतं: टिपिकल जिना, पहिला ते पाचवा मजला. आमच्याकडे एक मजला काढतात आणि खाली 'टिपिकल' लिहितात, म्हणजे बाकीचे असेच समजा. आता तिसरा मजला असाच राहिला नव्हता, पण जिन्याला ते कुणी कळवलं नव्हतं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. शीट उघडलं. कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर, दीडशे. कचेरीच्या इमारतीला चालतं, नियमात बसतं, कुणी चूक केलेली नाही. मी ते पुन्हा पुन्हा मोठं करून पाहत होते, जणू आकडा जवळून पाहिला तर बदलेल. मागे लांबू येऊन उभा राहिला. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. दाराच्या चौकटीतून वाकून येतो म्हणून लांबू, तोंडावरही लांबूच.

"काय गं, सकाळी सकाळी जिना? तुझं तर ड्रेनेज चाललंय ना?"

मी सांगितलं. दवाखाना, डोकं, दीडशे.

त्याने खुर्ची ओढली, शीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे बघ, रागावू नकोस. मागच्या महिन्यात तू पॅसेजमधल्या झुंबराचा हुक बदलायला लावलास."

"तो बारीकच होता."

"होता. त्याआधी पार्किंगचा खांब."

"तिथे आरसा हवा होता."

"हवा होता, मान्य. पण सरांनी काय नाव ठेवलंय तुला माहितीय ना? अपघात विभाग." तो हसला, पण वाईट नाही हसला. "माझं एवढंच म्हणणं, आज त्यांचा मूड बघून जा. साइटवर कठडा चढलाय. चौथ्या मजल्यापर्यंत वेल्डिंग झालंय."

चढलाय. कागदावर असेपर्यंत जिना रबराने पुसता येतो. एकदा लोखंड झालं की त्याला मालक असतो, ठेकेदार असतो, बिल असतं. मी ड्रेनेजचं शीट उघडलं आणि उतार काढायला बसले. एका मॅनहोलपासून दुसऱ्या मॅनहोलपर्यंत रेघ, त्यावर बाण. हाताला काम होतं आणि डोकं रिकामं होतं, आणि रिकाम्या डोक्यात ते फाटक उघडं राहिलेलं दिसत होतं. कुणीतरी डबा आणायला बाहेर गेलंय, कडी नीट लागली नाही, आणि एक मूल, ठकी नव्हे, ठकीसारखं, वाकड्या पायाचं, दारात उभं आहे. मी स्वतःला बजावत होते की हे चित्र मी बनवलंय. मीच बनवते. स्पंज चिकटवते तेव्हाही असंच चित्र आधी येतं, टेबलाच्या कोपऱ्याचं, रक्ताचं. ठकी महिन्याची असताना मला तिच्या श्वासांची इतकी धास्ती होती की मी तिच्या नाकाशी चष्म्याची काच धरायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, होतं असं, जाईल. गेलं नाही, नुसतं मोठं झालं आणि चालायला लागलं, तिच्याबरोबर. तर मग हा जिना त्यातलाच का? सरांपुढे जाऊन मी पुन्हा एकदा अपघात विभाग होणार, आणि एखाद दिवशी खरंच काही असेल तेव्हा माझ्या तोंडाकडे कुणी पाहणार नाही. यापेक्षा गप्प बसलेलं बरं. हा विचार मला फार शहाणा वाटला. दुपारपर्यंत तो शहाणाच वाटत राहिला. आणि मग पाणी प्यायला उठले तेव्हा शेल्फवरच्या संचातून मी आगीचं शीट ओढून काढलं.

आग लागली तर कुणी कुठून बाहेर पडायचं याचं प्रत्येक मजल्याचं एक शीट असतं. तिसऱ्या मजल्याच्या शीटवर पाळणाघरातून एक जाड ठिपक्यांची रेघ निघत होती, फाटकातून बाहेर पडत होती, आणि बाणाचं टोक थेट जिन्यात होतं. ही रेघ मी कल्पनेत काढलेली नव्हती. ती अग्निशमनवाल्यांनी तपासलेली, शिक्का मारलेली होती. मी शीटची गुंडाळी काखेत घेतली आणि मूड न बघता सरांच्या खोलीत गेले.

सर फोनवर होते. त्यांची एक सवय आहे, विचार करताना कोऱ्या कागदावर हाताने सरळ रेघा ओढतात, पट्टीशिवाय, एकीखाली एक. अजूनही त्या कापत नाहीत याची त्यांना मनातून खुशी असावी. फोन ठेवून म्हणाले, "बोला, अपघात विभाग."

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ते कुणाचंही ऐकून घेतात. मग म्हणाले, "दीडशे नियमात आहे."

"कचेरीला आहे सर."

"मुलं जिन्यावर येणारच नाहीत. फाटक तूच दिलंस. आयाबाया लिफ्टने घेऊन येणार, लिफ्टने नेणार."

"आग लागली की लिफ्ट बंद पडते. आपणच बंद करतो."

"तेव्हा बायका कडेवर घेऊन उतरवतील."

"वीस मुलं आणि तीन बायका, सर. मागणीच्या पत्रात तेवढ्याच लिहिल्यात." मी शीट त्यांच्या रेघांवर पसरलं आणि बाणावर बोट ठेवलं. "एकेका बाईला दोनच कडा असतात."

चष्मा कपाळावर चढवून सरांनी शीटवर तोंड आणलं, आणि पेन्सिल त्या ठिपक्यांच्या रेघेवरून हळू नेली, फाटकातून, बाहेर, जिन्यात. मी त्यांच्या डोक्यावरचे विरळ केस पाहत उभी होते. मला वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही नव्हतं. इतके दिवस मला माझ्या भीतींची सवय झाली होती ती त्या खोट्या निघतात म्हणूनच. ही खरी निघत होती.

"इथे माझी सही आहे," सर शेवटी म्हणाले, स्वतःशीच. मग चष्मा खाली घेतला. "ठीक. दर दोन गजांच्या मध्ये एक गज वाढवायचा. जुनं काही कापायचं नाही. वेगळं शीट कर, तिसऱ्या मजल्याचा जिना म्हणून. टिपिकलला हात लावू नकोस. टिपिकल हललं की पाचही मजल्यांचा हिशोब निघेल, ठेकेदार माझ्या उरावर बसेल."

"हो सर."

"आणि ऐक." मी दाराशी थांबले. "झुंबराचा हुकही बारीक होता," ते म्हणाले.

त्या दुपारी मी जे शीट काढलं तसं स्वच्छ शीट मी आयुष्यात काढलं नसेल. गजाची जाडी, वेल्डची लांबी, रंग, सगळं. तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगभोवती आणि तिथून उतरणाऱ्या पायऱ्यांभोवती ढग काढला, त्रिकोण, त्रिकोणात आकडा. लांबू म्हणाला, "काय वळणदार ढग आहे, फ्रेम करून लाव." सह्या झाल्या. ठेकेदाराने फोनवर जी काही भाषा वापरली ती सरांनी मला सांगितली नाही. घरी मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "म्हणजे खरंच होतं?" त्या 'खरंच'चा मला राग यायला हवा होता, पण आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "बघ, एवढं शिकलीस त्याचं सोनं झालं," आणि ठकीच्या तोंडात भाताचा घास कोंबला. मला रात्री स्वच्छ झोप लागली. पुढच्या आठवड्यात एका टेबलाचा स्पंज ठकीने उपटून खाल्ला, आणि मी तो परत लावला नाही. अंगातून एक ताप उतरल्यासारखं झालं होतं. बसमधून जाताना मी पुन्हा नुसत्या इमारती पाहायला लागले; कोणत्या खिडक्या बऱ्या जमल्यात, कोणत्या फसल्यात.

काम झाल्याचा निरोप आला तेव्हा सर म्हणाले, तूच बघून ये. साइटवर सिमेंटचा आणि ओल्या रंगाचा वास होता. तिथला इंजिनियर हा नुकता मिशी राखायला लागलेला पोरगेला माणूस, मला मॅडम म्हणताना दरवेळी हेल्मेट सावरायचा. लिफ्ट चालू झाली होती, आतून प्लायवूड ठोकलेली; तिच्यातूनच तो मला वर घेऊन गेला. पाळणाघरात फरशी बसत होती. बेसिनं लागली होती, गुडघ्याएवढी, ओळीने, आणि एक मिस्त्री जमिनीवर उकिडवा बसून त्यातल्या एकात हात धूत होता. "मॅडम, हे बेसिन आपल्याला बरोबर झालंय," तो म्हणाला. मी हसले. फाटक उघडून लावून पाहिलं, कडी घट्ट होती. बाहेर लँडिंगवर आले आणि समोर माझा कठडा. गज दाट, नवे गज करड्या प्रायमरमधले, जुन्यांपेक्षा किंचित उजळ. मी पंजा घालून पाहिला. बोटं गेली, अंगठ्यापाशी अडकली. दुसऱ्या फटीतही. तिसऱ्या. एवढं बरं वाटलं की मी वेड्यासारखी प्रत्येक फटीत हात घालत निघाले. इंजिनियर मागून म्हणत होता, "सगळे सारखे आहेत मॅडम, गेज लावून केलेत," आणि मी एक पायरी उतरत होते, हात घालत होते, अडकवत होते, पुढची पायरी. पायऱ्या संपल्या, मधलं लँडिंग आलं, जिना वळला. मी हात घातला आणि तो कोपरापर्यंत बाहेर गेला.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. वाटलं, एखादा गज राहिला असेल. पुढच्या फटीत घातला. तोही गेला. मी वाकून खाली पाहिलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत, पहिल्या मजल्यापर्यंत, थेट तळापर्यंत जुने गज, दीडशेवर एक, सुबक, सरळ, रंगवलेले. आणि मधल्या त्या उभ्या पोकळीच्या तळाशी जमिनीवर वाळूचा ढीग.

"हे?" मी म्हटलं.

"ते नाही मॅडम. शीटमध्ये एवढंच होतं." त्याने हेल्मेट सावरून वर बोट केलं. "ढगात होतं तेवढं सगळं केलंय. एक गज कमी नाही."

त्याचं बरोबर होतं. वरच्या मजल्याच्या नकाशात जिना कधीच पूर्ण दिसत नाही. मधल्या लँडिंगशी पोचलो की आम्ही एक नागमोडी तोडरेघ मारतो आणि थांबतो. त्याखालचं खालच्या शीटवर. मी त्या तोडरेघेपर्यंत आले होते आणि माझा ढग बंद केला होता. सरांनीही पेन्सिल जिन्यात नेली आणि थांबवली. पण त्यांना हिशोबाची काळजी होती. मला कशाची होती? मी तर तेच मूल इतके दिवस डोळ्यांसमोर घेऊन फिरत होते. आणि आता त्या जिन्यावर उभी राहून मला दिसलं की माझ्या चित्रात ते मूल नेहमी दारातच उभं असायचं. दारात, लँडिंगवर, फार तर पहिल्या पायरीवर. तिथे आलं की माझा जीव घाबरायचा आणि चित्र बंद पडायचं. ते मूल खाली उतरतंय, एकेक मजला उतरतंय, असं मी एकदाही पाहिलं नव्हतं. बाण जिन्यात शिरला म्हणून मी भांडले, पण बाण कुठे जातो ते पाहिलं नाही. एवढी भ्यायले, पण पुरतं भ्यायले नाही.

विचित्र म्हणजे त्या क्षणी मला भीती वाटतच नव्हती. हात थंड होते, आवाज सरळ होता. "वेल्डर आहे का आज?"

"आहे, पण दुपारी दुसऱ्या साइटवर चाललाय. सामानही बांधलंय त्याने."

"त्याला जाऊ देऊ नका."

"मॅडम, शीट आल्याशिवाय मी—"

"शीट येईल. थांबवून तर ठेवा."

तो जिन्यावरून वाकून कुणाला तरी हाका मारायला लागला. मी सरांना फोन लावला.

"झालं ना नीट?" सर म्हणाले.

"नाही सर. मी तिसऱ्या मजल्यापुरतंच काढलं. मुलं तिसऱ्या मजल्यावर थांबणार नाहीत. ती खाली जमिनीपर्यंत येणार."

कागदावर ओढलेल्या रेघेचा आवाज फोनवर येत नाही, पण मला वाटलं तो थांबला.

"सगळा खालचा जिना," सर म्हणाले.

"सगळा."

"म्हणजे टिपिकलच हलवायचं."

"हो सर. वरचे दोन मजले सोडले तरी चालतील. खालचं सगळं."

"ठेकेदार आता मला खाणार," ते म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, "आता तिथे आहेसच तर प्रत्येक फटीचं माप घेऊन ये. जिना जिथे वळतो तिथलं, भिंतीला लागतो तिथलं. आता पुन्हा काही उरलं असं झालं तर मी नाही ऐकणार."

"उरणार नाही."

फोन ठेवला. इंजिनियरकडून खडू मागून घेतला. उभ्याने वाकून पाहायला लागले, पहिली फट, दुसरी, आणि लक्षात आलं की उभ्याने मला तेच दिसतंय जे आम्हा सगळ्यांना नेहमी दिसतं. ठकी जिना कसा उतरते? हात धरला नाही तर अजून पायाने नाही उतरत. वरच्या पायरीवर बसते, खालच्या पायरीवर पाय टेकवते, एका हाताने गज चाचपते, मग ढुंगणावर घसरते. मी हेल्मेट काढून बाजूला ठेवलं आणि लँडिंगच्या कडेला बसले. पाय खाली सोडले. त्या उंचीवरून जिना निराळाच होता. कठड्यावरचा धरायचा दांडा कुठेतरी डोक्याच्या वर गेला, त्याचा काही उपयोग नव्हता. गज आणि फटी तेवढ्या राहिल्या, आणि दर फटीतून खालचा वाळूचा ढीग. भिंतीजवळच्या शेवटच्या गजापाशी फट आणखी रुंद होती. ती कोणत्याच शीटवर नव्हती. मी तिथे खडूने फुली मारली आणि एक पायरी घसरले. पँटला सिमेंट लागलं. पुढची फट, फुली, पुढची पायरी. वरून मिस्त्री वाकून पाहत होता, खालून वेल्डर आपलं बांधलेलं सामान घेऊन वर येताना मधेच थांबला होता.

"मॅडम," इंजिनियर घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काय झालं? पडलात का?"

"नाही," मी म्हटलं. "उतरतेय."